सोनघंटा: घाटकड्यावरच्या दुर्मिळ झुडपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की आंबा घाटाच्या बाजूने सोनघंटेचे फोटो यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग तेच ते प्रश्न. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाता-येता गाडी थांबवणारे, सहल काढणारे गुरुजी, ज्यांच्या सातबाऱ्यावर डोंगर आहे असे शेतकरी, गड चढणारी मुलं आणि "एक तरी रोप हवंच" म्हणणारे बागवेडे, अशा सगळ्यांसाठी उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. झाड नेमकं कुठल्या वळणावर आहे हे मात्र यात शोधू नका. ते मुद्दामच लिहिलेलं नाही, का ते पुढे येईल.

सोनघंटा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस यांच्या कुळातलं झुडूप. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. पुरुषभर, कधी त्याहून उंच वाढतं. पानं तळाशी हृदयाच्या आकाराची आणि अंगावर दाट लव. हाताला मखमली लागतात. भिंगातून पाहिलंत तर ही लव साधी सरळ नसते, एकेका ठिकाणाहून चार-पाच केस चांदणीसारखे फुटलेले दिसतात. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात फुलं येतात: केशरी-पिवळी, आत तांबड्या रेघा, मान खाली घातलेल्या घंटेसारखी. मधोमध पुंकेसरांची नळी असते, जास्वंदीत दिसते तशीच.

जगात हे झाड फक्त सह्याद्रीच्या उत्तर भागात, आपल्या महाराष्ट्रातच आढळतं. तेही मोजक्या जागी.

नावातले रानडे कोण?

एन. बी. रानडे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतींचे वाळवलेले नमुने सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. कागदावर चिकटवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेल्या नमुन्यांचा हा संग्रह, म्हणजे हर्बेरियम. याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे वुड्रो आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानातले स्टाप्फ या दोघांनी १८९४ मध्ये या झाडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव रानड्यांचं दिलं.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या डोंगरातल्या कितीतरी झाडांच्या नावांत डालझेल, गिब्सन, लॉ, फ्रीअर असे साहेबलोक बसलेत. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत नमुना आणणारा एतद्देशीय माणूस फार तर नमुन्याच्या कागदावर कोपऱ्यात उरायचा. इथे तो नावात आहे.

मग हे कोकणातलं म्हणायचं की घाटावरचं?

दोन्हीकडचे लोक हक्क सांगतात. झाडाचं घर म्हणजे ज्या कड्यावर घाटमाथा संपतो आणि कोकण सुरू होतं तो उतार. आंबा घाट हे त्याचं जुनं, नोंदलेलं ठिकाण. एका अंगाला संगमेश्वर तालुका, दुसऱ्या अंगाला शाहूवाडी. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला थडकतात, म्हणून पाऊस कोकणाचा आणि उंची घाटाची असा तो प्रकार आहे.

आमच्या जयगडच्या बाजूला समुद्राच्या कड्यावर पिवळ्या फुलांचं झुडूप आहे. तेच का?

नाही. किनाऱ्यावरचा कडा जांभ्याचा, त्यावर खारा वारा. सोनघंटेचा कडा काळ्या बेसाल्टचा आणि समुद्रापासून बराच आत. किनाऱ्यावर पिवळं फूल दिसलं तर ते बहुधा पेटारी किंवा परसभेंडी असतं.

पेटारी, म्हणजेच मुद्रा, ही सोनघंटेची सख्खी बहीण. अब्युटिलॉन इंडिकम. रस्त्याकडेला, पडक्या घरात, एसटी स्टँडच्या मागे, कुठेही उगवते. तिचं फूल लहान, पिवळंधमक, तोंड वर करून उघडणारं, आणि बहुतेकदा दुपार कलल्यावर उमलणारं. फळ चक्राकार, कडेला दाते असलेलं. लहानपणी शाईत बुडवून त्याचे शिक्के मारलेत ना, तेच.

खरा गोंधळ होतो तो नर्सरीतल्या अब्युटिलॉनमुळे. ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं बागेतलं झुडूप. त्याचीही फुलं केशरी, लोंबती आणि तांबड्या शिरांची. फोटोत पटकन फसायला होतं. पान बघा: बागेतल्या झाडाचं पान साधारण तळहातासारखं खोल कापलेलं असतं आणि मखमल नसते. दर हिवाळ्यात कुणीतरी आनंदाने "आमच्या कुंडीत सोनघंटा फुलली" असं कळवतं. ती सोनघंटा नसते, पाहुणी असते. ठेवा खुशाल, नाव तेवढं दुरुस्त करा.

हे झाड कड्यावरच का वाढतं? सपाटीवर का नाही?

प्रश्न जरा उलटा करून विचारायला हवा: सपाटीवर ते टिकलं का नाही?

कडा आपल्याला नापीक दिसतो. जवळून पाहिलात तर तो सरळ भिंत नसून पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्री झाला. दोन थरांच्या सांध्यात दगड मऊ असतो, तो झिजतो आणि तिथे वीतभर, हातभर रुंदीचा टप्पा तयार होतो. त्यावर वरून गळलेला पाला कुजतो आणि चार बोटं काळी माती साठते. डिसेंबरात अशा टप्प्यावर बघा: तेरड्याच्या वाळक्या काड्या, सोनकीची उडून गेलेली बोंडं, दगडाला चिकटलेली सुकी शेवाळ. आणि त्याच शेवाळाखाली बोट घातलं तर ओल लागते, कारण पावसाळ्यात माथ्यावर मुरलेलं पाणी सांध्यातून हळूहळू पाझरत असतं. हिवाळ्यात फुलणाऱ्या झुडपाला एवढी ओल पुरते.

शिवाय टप्प्यावर गुरं पोचत नाहीत, कोयता पोचत नाही, आणि सलग गवत नसल्यामुळे वणवा बहुतेकदा पायथ्याशीच अडतो. झाडाला कडाच आवडतो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कड्यावर ते वाचलं, एवढं नक्की.

इतकं दुर्मिळ कशामुळे झालं?

काही वनस्पती मुळातच थोड्या असतात. ठरावीक उंची, ठरावीक ओल, ठरावीक दगड लागणारं झाड आंब्या-फणसासारखं सगळीकडे कसं असेल? अडचण अशी की मुळात थोडं असलेलं झाड कापायला फार कुऱ्हाडी लागत नाहीत.

माझ्या मते पहिला शत्रू वणवा. फेब्रुवारी ते मे डोंगर पेटतात. कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणी बांधावरची राब जाळताना ठिणगी उडते, कुणी शिकारीसाठी, कुणी नुसती विडी टाकतो. मोठी झाडं होरपळून पुन्हा पालवतात, पण वीतभर वाढलेलं रोप गेलं की गेलंच. वर्षाआड आग लागणाऱ्या उतारावर म्हातारी झाडं उरतात आणि नवं एकही येत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं झाड आहे की जागेवर. त्याच्या मागे वारस नाही, हे पटकन दिसत नाही.

दुसरा रस्ता. घाटातून जाणारा मिऱ्या–नागपूर महामार्ग रुंद व्हायला हवा, याबद्दल इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा आजारी माणसाला कोल्हापूरला नेणाऱ्यांचे काय हाल झाले ते लोक विसरलेले नाहीत. रस्त्याला विरोध नाही. विरोध आहे तो खणलेला राडारोडा सोयीसाठी दरीत लोटण्याला. रस्ता दहा मीटर रुंद होतो आणि खालचा उतार शंभर मीटर गाडला जातो. त्या मलब्यावर पहिल्याच पावसात रानमोडी आणि घाणेरी ही माजणारी तणं उगवतात. रानमोडी उन्हाळ्यात खडखडीत वाळते आणि पेटायला काडीच लागत नाही. म्हणजे दुसरा शत्रू पहिल्याला घरात घेतो.

तिसरे आपण, कौतुक करणारे. त्याबद्दल पुढे.

कायद्याने संरक्षण आहे का?

जागेप्रमाणे आहे. झाड राखीव वनात असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे तिथून परवानगीशिवाय झाड, फांदी, बी काहीही नेता येत नाही, तिथे आग लावणं हाही गुन्हा. अभयारण्यात याहून कडक. जैवविविधता कायदा २००२ मध्येही नष्ट होण्याच्या वाटेवर असलेल्या प्रजाती अधिसूचित करण्याची तरतूद आहे.

पण कड्यावर पहारेकरी बसत नाही. एका वनरक्षकाकडे किती डोंगर असतो ते बघितलं तर कायद्यावर किती विसंबायचं ते कळतं.

झाड माझ्या मालकीच्या डोंगरात आहे. कळवलं तर सरकार जमीन घेईल का?

हा प्रश्न लोक फोनवर आवाज खाली करून विचारतात. उत्तर: नाही. दुर्मिळ झाड उगवलं म्हणून सातबारा बदलत नाही.

ही भीती आली कुठून तेही सांगतो. पश्चिम घाट कसा जपावा यावर सरकारने दोन समित्या नेमल्या: गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राच्या (म्हणजे जिथे खाणींसारख्या कामांवर बंधनं येतात त्या भागाच्या) मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. गावांच्या याद्या आल्या, पण त्यांचा अर्थ समजावून सांगायला कुणी वाडीवर आलं नाही. त्या याद्या गावांच्या आहेत, एखाद्या झाडावरून बनलेल्या नाहीत. तुमच्या डोंगरातल्या एका झुडपाने गाव यादीत जात नाही की बाहेर येत नाही.

उलट, झाड असेल तर फक्त दोन गोष्टी करा. त्या टप्प्याखालचं गवत मे महिन्यात पेटवण्याऐवजी दिवाळीनंतर कापून घ्या. आणि जंगलतोडीचा ठेका देताना तो उतार वगळा. लाकूडवाल्याच्या हिशेबात तिथे तसंही काही नसतं.

रोप कुठे विकत मिळेल?

मिळत नाही आणि मिळालं तर घेऊ नका. कुणी "अस्सल सोनघंटा" म्हणून विकत असेल तर दोनच शक्यता: एकतर ते वर सांगितलेलं अमेरिकन अब्युटिलॉन आहे, नाहीतर कड्यावरून ओरबाडून आणलेलं आहे.

हौस मोठी असेल तर कोकणातल्या अंगणात शोभतील अशी देशी झुडपं भरपूर आहेत. धायटी लावा. ती खडकाळ जागीही धरते, लाल फुलांनी लगडते आणि शिंजीर दिवसभर हलत नाहीत. तिचीच वाळवलेली फुलं आसवं-अरिष्टं मुरवायला वापरतात. सावलीकडे अंजनी, कुंपणाला पिवळी कोरांटी, मांडवावर कुसर. यातलं काहीही लावलंत तर कड्यावरचं काही कमी होत नाही.

खाली पडलेलं बी आणून परसात रुजवलं तर? संवर्धनच होईल ना?

हेतू चांगला, पण हिशेब चुकीचा. या कुळातल्या बऱ्याच बियांचं कवच टणक असतं. पाणी आत शिरत नाही, म्हणून त्या कधी वर्षभर पडून राहतात आणि सोय झाली की रुजतात. तुम्ही खिशात घातलेली मूठ म्हणजे कदाचित त्या टप्प्याची पुढच्या काही वर्षांची सगळी ठेव. त्यातली दोन रोपं परसात जगली, एक गोगलगायीने खाल्लं आणि दुसरं तुम्ही गावाला गेल्यावर वाळलं, तर झालं काय?

दुसरं म्हणजे, एकट्या झाडाला संवर्धन म्हणत नाहीत. कुठल्या जागेवरचं बी, किती मातृवृक्षांपासून, कधी गोळा केलं, ही नोंद नसेल तर ते रोप पुढे मूळ जागी परत लावता येत नाही. हे काम परवानगी घेऊन, नोंदी ठेवून करणाऱ्या संस्था आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच सापडणाऱ्या, वनस्पती जपण्याचं काम चालतं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे. ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवूनही सोनघंटेवर काम झालेलं आहे. रोपं तयार करणं ही आता सर्वांत अवघड पायरी राहिलेली नाही. त्यांना लावायला न जळणारा उतार मिळणं ही आहे.

औषधी आहे का?

आयुर्वेदातली अतिबला म्हणजे पेटारी, आणि ती वाटेवर फुकट आहे. सोनघंटेच्या मागे लागायचं काही कारण नाही.

तुम्ही ठिकाण का सांगत नाही? आम्ही काय तोडणार आहोत?

तुम्ही तोडणार नाही, मान्य. पण तुमचा फोटो अडीचशे जणांच्या ग्रुपवर जातो, तिथून पुढच्या दहा. रविवारी टप्प्याखाली पायवाट पडते. नीट फोटो यावा म्हणून कुणी समोरची फांदी वाकवतं, कुणी दगडावर पाय रोवतं आणि चार बोटं माती घसरते. ती माती साठायला किती पावसाळे लागले असतील?

म्हणून एवढं पाळा. फोटो टाकताना तालुक्यापर्यंतच लिहा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत अक्षांश-रेखांश जातात, ते आधी बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती पुसली जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. पुष्कळांना हे माहीत नसतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप पुसट केली जाते, तरी नोंद टाकताना तुम्हीही ती पुसट ठेवा. आणि मागची पाटी, वळणाचा कठडा, मैलाचा दगड चौकटीत येऊ देऊ नका. ओळखणारे त्यावरूनच ओळखतात.

आम्ही गडसंवर्धन करतो. तटबंदीवरची झुडपं काढावीच लागतात.

काढाच. बांधीव तटात पिंपळ-उंबराची मुळं शिरली की चिरे सुटतात, त्यात दुमत नाही. तक्रार आहे ती तट साफ करता करता खालचा नैसर्गिक कडाही "स्वच्छ" करण्याची. बुरूज मोकळा दिसावा म्हणून दोर टाकून कड्यावरचं सगळं हिरवं सपासप उतरवल्याचे फोटो अभिमानाने येतात. कडा महाराजांच्या काळातही झाडोऱ्यासकटच होता. मोहिमेआधी, फुलांच्या दिवसांत, एखाद्या वनस्पती ओळखणाऱ्याला एकदा फिरवून आणा. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलंत तर बहुतेक आनंदाने येतात.

प्रस्तरारोहण करणाऱ्यांनाही हेच. पाय ठेवायला टप्पा झाडून घेता, तेव्हा काय झाडलं ते एकदा बघा.

ड्रोनने शोधता येईल का?

येतं. हवाईच्या कवाई बेटावर २०१९ मध्ये हिबिस्कॅडेल्फस वुडीआय हे झाड ड्रोनने उभ्या कड्यावर सापडलं. ते नामशेष झालं असं धरून चालले होते, २००९ नंतर कुणाला दिसलं नव्हतं. तेही जास्वंदीच्याच कुळातलं. म्हणजे माणूस जिथे पोचत नाही तिथे वारस शिल्लक असू शकतात, आणि आपल्याकडचे कडे तर अर्धेअधिक दुर्बिणीनेसुद्धा नीट पाहिलेले नाहीत.

पण हे हौशी रीलचं काम नव्हे. वनक्षेत्रात वनविभागाची परवानगी लागते, ड्रोनचे स्वतःचे नियम वेगळे. शिवाय कड्यांवर ससाण्यांची घरटी असतात आणि हिवाळा-उन्हाळा हा त्यांच्या विणीचा काळ.

कड्यांवर आणखी काय दुर्मिळ आहे?

शिंदळ माकुडी पाहा. शिवनेरी-जुन्नर, पुरंदर अशा भागातल्या कड्यांवर वाढणारी, मांसल खोडाची वनस्पती. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हणतात. पावसाळ्यात पानं, कोरड्या दिवसांत नुसतं खोड. कंदीलपुष्पाच्या काही जातीही अशाच मोजक्या जागी उरल्यात. त्यांचे कंद गोड लागतात म्हणून गुराखी आणि रानडुकरं दोघंही उकरतात. आणि कडा सोडून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आलात तर जूनमध्ये पांढऱ्या फुलांची दीपकाडी. सड्याची चिरेखाणीशी चाललेली झटापट हा वेगळाच विषय आहे.

शाळेची सहल न्यावी का?

कड्यापाशी नको. पेटारी शाळेच्या मागेच असते. मुलांना ती भिंगातून दाखवा, जास्वंदीची आणि भेंडीची फुलं शेजारी ठेवा. मधली नळी तिन्हीत सारखी निघाली की कूळ म्हणजे काय ते फळ्यावर लिहायची गरज उरत नाही. सोनघंटेचा फोटो त्यानंतर दाखवा. मुलं स्वतःच म्हणतील, ही यांच्यातलीच.

ग्रामपंचायतीने काय करावं?

प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती वही बाहेरून कुणीतरी एका आठवड्यात भरून दिलेली आणि कपाटात पडलेली आहे. ती काढा. गुराख्यांना आणि मधाची पोळी काढणाऱ्यांना बसवून पुन्हा भरा, कारण कडा त्यांनीच पाहिलेला आहे. नेमकी जागा वहीत असू द्या, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

दुसरं काम जाळरेषेचं. होळीच्या आधी, गवत वाळायला लागलं की उताराच्या पायथ्याशी गवत कापून मोकळा पट्टा काढायचा. रोजगार हमीतून हे काम बसवता येतं का ते ग्रामसेवकाला विचारा. रस्त्याचं काम चालू असेल तर मलबा टाकायची जागा कोणती ठरली आहे हेही लेखी मागा. तोंडी विचारलंत तर "बघू" एवढंच उत्तर येतं.

डोंगर पेटलेला दिसला तर कुणाला कळवायचं?

वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक १९२६. त्याच वेळी पोलीसपाटलांना आणि ओळखीच्या वनरक्षकालाही फोन करा. सांगताना "घाटात आग लागली" एवढं पुरत नाही. कुठल्या वाडीच्या वर, वारा कुठल्या बाजूला, आग गवतात आहे की झाडीत, आणि गाडी कुठपर्यंत येईल, हे चार मुद्दे सांगा. कड्याच्या अंगाने आग वर चढत असेल तर माथ्यावर उभं राहून विझवायला जाऊ नका. उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर येते. बाजूने ओल्या फांद्यांनी झोडपत जा, आणि एकट्याने तर अजिबात नको.